उजव्या अंगाला कललेली जीप

नगर, ९ नोव्हेंबर १९७१

ती. छगनदाजी यांस,

गोरक्षचा दंडवत. मोठे आहात म्हणून घालतोय, मनातून नाही. आधीच सांगून टाकतो.

तुमचं पत्र दसऱ्याच्या आधी आलं होतं आणि उत्तराला आज बसलोय. खोटी कारणं देत नाही. टाळत होतो. पत्र खिशात घेऊन कोपरगावला गेलो, तिथून एका बांगडीवाल्याच्या गाडीवर पंधरा दिवस फिरलो, मग येवल्यात माग बघायला उतरलो तर तिथला एक म्हातारा विणकर इतका गोड बोलायचा की आठ दिवस त्याच्याच ओट्यावर राहिलो. पण ते जाऊ द्या.

काल आक्काचं कार्ड आलं. सहावा महिना चालू आहे. पाथर्डीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीची दोन गेलीत, आता हादरा बसता कामा नये. आणि पुढच्या महिन्यात तिला बाळंतपणाला आमच्याकडे राहुरीच्या देवळालीला आणायचं ते तुमच्या जीपमधून! दाजी, ती दोन कुठं गेली ते मला माहीत आहे. तुमच्या जीपच्या मागच्या बाकावर गेली.

मी सध्या माळीवाड्यात नबीलाल मिस्त्रींकडे पाट्याच्या कामाला आहे. पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. त्यांच्यावरच गाडी तोललेली असते. तुम्ही रोज त्यांच्यावर बसता, पण कधी वाकून बघितलं नसेल. मी बघितलंय. मिलिटरीनं जीप विकली तेव्हाच्या पाट्यांवर तुम्ही ऊसतोडीची माणसं कोंबायला म्हणून मागं एकेका बाजूला चार-चार जास्तीचे चढवलेत. अठरा माणसं बसली की ठीक. पण रिकामी असली की ती जीप नाही, उखळ आहे. आत बसेल त्याचं कूट होतं.

जीप इकडं आणा. मी पाटे काढतो. आणणार नसाल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे तुम्ही कोण आहात ते मी चार लोकांत सांगायला मोकळा.

गोरक्ष


कारखान्याचा तळ, १८ नोव्हेंबर

गोरक्ष यास,

तुझं पत्र मिळालं. लई दिवसांनी हात उचललास तो माझ्यावरच.

तुला जे माहीत हाय त्यातलं निम्मं खोटं हाय. पहिल्या खेपेला, दोन वर्सामागं, चैत्रात तू मुऱ्हाळी म्हणून येणार हुतास. बहिणीला न्यायला भाऊ येतो, जगात समद्यांचा येतो. रतन चार दिवस गाठोडं बांधून ओसरीवर बसली. तू कुठं हुतास? सोनईच्या जत्रेत पाळण्यावाल्यासंगं. मग ती रडाया लागली म्हणून मी तिला जीपमधी तोडकऱ्यांच्या पोरांत बसवून देवळालीला आणली. हादरा जीपचा बसला, व्हय. पण ती जीपमधी का बसली ते सोताला इचार.

दुसरं तर घरात गेलं, चुलीपुढं. तवा जीप हितं कारखान्यावर हुती. तू रतनला इचारलं न्हाईस, परस्पर ठरवून टाकलंस.

आता पाट्याचं. मऊ गाडी वळणावर झोके खाती. करंजीचा घाट तू एसटीच्या खिडकीतून बघितलास, मी टोळी आणता-नेताना जीप भरून उतरतो. तिथं गाडी कलली का अठरा घरांची चूल इझती. म्हणून चढवले पाटे, हौस म्हणून न्हाई.

एसटीनं धाडा म्हणशील. तर फाट्यापातूर दोन कोस खडीचा रस्ता, एसटी आत येत न्हाई, आन जीपवाल्या छगनची बायको एसटीत उभी राहून गेली ह्ये मी ऐकून घेणार न्हाई. आईचं तर तवापासून एकच, मुऱ्हाळी आल्याबिगर सून उंबरा ओलांडायची न्हाई.

शुक्रवारी २६ ला एक फेरी नगरला हाय. सकाळी जीप लावतो, संध्याकाळी नेतो. रतनसाठी लावतो, तुझ्यासाठी न्हाई. घाटात गाडी झोका खाता कामा नये आन आत बसल्याला हादरा बसता कामा नये. दोन्ही जमत आसंल तरच हात लाव.

छगन


नगर, २८ नोव्हेंबर

ती. दाजींस,

जमलं की नाही? बोला आता!

संध्याकाळी किल्ली हिसकावल्यासारखी घेतलीत आणि नबीलालचाचांनी मागवलेला चहासुद्धा न पिता गेलात. चाचा म्हणाले, "तेरा दाजी है या दुश्मन?" मी म्हटलं दोन्ही.

काय केलं ते ऐका, म्हणजे उद्या बोट दाखवायला जागा नको. मागचे तुमचे जास्तीचे चार-चार पाटे काढले, पुढचे एक-एक. राहिलेल्यांना तापवून कमान नीट दिली. प्रत्येक पाट्यावर छिन्नीनं खूण केली आणि ज्या बाजूचा होता त्याच बाजूला बसवला. चाचांच्या दुकानाचा हा कायदाच आहे. उजव्याचा पाटा डाव्याला गेला तर ते बोटं छाटायची भाषा करतात. दुपारी बारापर्यंत सगळं आवरलं. तपासून दिलंय.

त्या दिवशी आणखी एक गंमत. भिंगारकडं रणगाडे रेल्वेच्या वाघिणींवर चढवत होते. असलं पत्रात लिहू नये म्हणतात, पण तुम्ही कुठं कुणाला सांगणार. केवढं धूड, आणि चढताना खालची चाकं एकेक करून अशी दबतात आणि उठतात की वर बसलेल्याची टोपीही हलत नाही. पाच वाजेपर्यंत बघत उभा होतो, ऊन कधी उतरलं कळलं नाही.

आता तोंड वर करून विचारतो. आक्काला कधी आणताय? मुऱ्हाळी-बिऱ्हाळी तुमच्या आईंचं खूळ आहे. त्यांना सांगा, मुऱ्हाळ्यानं पाटे ठोकलेत, तेवढं पुरे.

गोरक्ष


कारखान्याचा तळ, ६ डिसेंबर

गोरक्ष,

डाव्या हातानं लिवतोय. उजवा गळ्यात बांधलाय.

शनवारी घाट उतरताना जीप पडली. पाटे काढल्यापासून घाटात पयल्यांदाच गेलो, घरी निघालो हुतो, रतनला आणाया. जीप रिकामी, मी आन आमच्या वाडीचे भीमाबाबा. उजवी वळणं नीट घेतली. डावं वळण आलं तशी जीप उजव्या अंगाला जी कलली ती उठलीच न्हाई. खडकाला टेकली म्हणून हे कार्ड लिवतोय, न्हाईतर खाली दरी हुती. भीमाबाबांचे पुढचे दोन दात गेले. माझा खांदा निखळला.

येताना रतन आसती त्या जीपमधी. ह्ये वाक्य पुन्ना वाच.

तू लिवतोस तपासून दिलंय. तूच लिवतोस बारापातूर काम झालं आन पाचपातूर रणगाडे बघितले. मी साडेपाचला किल्ली घेतली. मग तपासली कवा? सपनात?

मेव्हणा म्हणून आजपातूर तुझं समदं पोटात घातलं. शाळा सोडलीस, दुकानं बदललीस, कुठं चार दिवस टिकला न्हाईस. पण आता तुझ्या रिकामपणानं माझं लेकरू जात हुतं. जीप ट्रकवर घालून चाचांकडं धाडलीय. टोळी सोडून मला हलता येत न्हाई. चाचांनी बघावी. तू तिला हात लावायचा न्हाई.

छगन


नगर, १३ डिसेंबर

ती. दाजींस,

तुमचं कार्ड आलं तेव्हा पहिल्यांदा फाडलं. मग तुकडे जुळवून वाचलं. मग चाचांनी वाचून घेतलं आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाले, "चांदबीबीच्या महालापर्यंत वर नेऊन आण सांगितलं होतं का नव्हतं?" सांगितलं होतं. त्या चढावर दोन्ही बाजूंची वळणं आहेत. मी नेली नाही. कबूल. लिहिलं ते खोटं लिहिलं.

पण पडली का, ते ऐका. तुम्ही हात लावू नको म्हणालात तरी मी लावला. चाचांनी समोर बसवून लावायला लावला.

ही जीप मिलिटरीत होती तेव्हा तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. डायव्हर डावीकडे, पेट्रोलची टाकी त्याच्या बुडाखाली, सगळं वजन डावीकडे. म्हणून कंपनीनं डावे पाटे जाड दिले, उजवे पातळ. तुमच्या आधीच्या मालकानं स्टेअरिंग उजवीकडे घेतलं, पाटे तसेच ठेवले. तुम्ही वर इतके जास्तीचे चढवलेत की खालचा फरक कधी कळलाच नाही. मी ते काढले, आणि दुकानाच्या कायद्याप्रमाणे उजव्याचे पातळ पाटे पुन्हा उजवीकडेच बसवले. आणि त्यांच्यावर बसले तुम्ही. दाजी, तुमचं वजन काय ते तुम्हाला माहीत. आता डावं वळण म्हणजे गाडी उजवीकडेच कलणार. त्यात तेलाची जी नळकांडी गाडीचे हेलकावे दाबतात, ते शॉकॅब, चारही कोरडे ठाक. ते मी बघितलेच नव्हते. पाटे मऊ केले की शॉकॅब घट्ट लागतात, नाहीतर गाडी होडी होते. हे मला आता कळलं, कान लाल झाल्यावर.

एवढं झालं माझं. आता तुमचं.

"जीप रिकामी" असं तुम्ही लिहिलंत. मग टपावरच्या कॅरेजला गूळ कसला चिकटलाय? बोट लावून चाखला मी. दोरखंडाची तुटकी टोकं अजून लोंबतायत. किती ढेपा होत्या? मऊ पाटे, उजवीकडे तुम्ही आणि डोक्यावर गूळ! बायकोला आणायला निघालेला माणूस टपावर व्यापार घेऊन निघतो? माझा रिकामपणा आणि तुमचा हावरटपणा, दोघांनी मिळून पाडली ती जीप. दात त्या म्हाताऱ्याचे गेले.

आता असं करतोय. उजव्याला एक जाड पाटा वाढवला, डाव्याचा एक काढला. शॉकॅब चारही नवे. टपावरचं कॅरेज मी कापून टाकलंय, विचारलं नाही आणि विचारणार नाही. आणि मुऱ्हाळी म्हणून मीच येतो, तुमच्या आईंना सांगा.

गोरक्ष


वाडी, २० डिसेंबर

चि. गोरक्ष यास,

आक्काचा आशीर्वाद. हेच पत्र नक्कल करून यांनाही पाठवते आहे, म्हणजे दोघांना वेगवेगळं बोलायला नको.

जीप पडल्याचं मला भीमाबाबांच्या तोंडून कळलं, आणि त्या तोंडात दात नव्हते. यांचं कार्ड आलं होतं, त्यात "खांदा जरा दुखतो" एवढंच. तुझं कार्ड आलं होतं, त्यात "जीपचं थोडं काम निघालं आहे." दोघंही मला शहाणी समजत नाहीत असं दिसतं.

तुझ्या कार्डात पाटे असतात. यांच्या कार्डात घाट असतो. तिसऱ्या ओळीत तू यांना शिव्या घालतोस, चौथ्या ओळीत ते तुला. मी कशी आहे, पोटातलं हलतं का, रात्री झोप लागते का, हे तुम्हा दोघांपैकी एकानेही विचारलेलं नाही. जीपची तब्येत मात्र मला पानभर कळते.

आठवा लागायला आठ दिवस राहिले. नंतर हलवायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. वाडीत माणूस नाही, सगळी तोडीला गेलीत. बैलसुद्धा गेलेत. मी, सासूबाई आणि म्हातारी माणसं. इथं काही झालं तर पाथर्डीलाही मला कोण नेणार? दोन वेळा गेलं तेव्हा मी कुणाला बोल लावला नाही. या वेळी लावीन, दोघांनाही, आणि जन्मभर लावीन.

सासूबाई फार बोलत नाहीत. सकाळ-संध्याकाळ मला अंगणात फेऱ्या घालायला लावतात. काल शिवारातल्या त्या एकट्या सुटाबाभळीपर्यंत नेऊन आणलं.

रतन


कारखान्याचा तळ, २४ डिसेंबर

गोरक्ष,

गूळ हुता. सात ढेपा. पाथर्डीच्या बाजारात टाकून पुढं जाणार हुतो. खोटं लिवलं, लाज वाटली म्हणून. तुलाबी वाटली आसंल तर बरं.

पण कॅरेज कापायचा तुला कुणी हक दिला? ती जीप माझी हाय.

रतनचं पत्र वाचलं. दोन दिस जेवलो न्हाई. १ तारखेला टोळी दुसऱ्याच्या ताब्यात देतो आन नगरला येतो. जीप तयार ठेव. चालवणार मीच. एका हातानं चालवीन, पण तुझ्या हातात रतन देणार न्हाई. तू मागं बसायचं, मुऱ्हाळ्यावानी गप.

छगन


नगर, २९ डिसेंबर

ती. दाजींस,

एका हातानं? त्या घाटात? खांदा निखळला की डोकंही निखळलं तुमचं? लढाई थांबून तेरा दिवस झाले, आता ही कुठली मर्दुमकी काढलीत?

म्हणे १ तारीख! आक्कानं लिहिलंय आठवा लागायला आठ दिवस. २० ला लिहिलं. बोटांवर मोजा, डाव्या हाताची पेरं पुरतात. ते आठ दिवस काल संपले. आणि तुम्ही जीप माझी, कॅरेज माझं करत बसलात. मी तरी काय केलं म्हणा. शॉकॅब पुण्याहून यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी चालत निघून वाडीला पोचलो असतो, आक्काजवळ बसलो असतो. पण नाही. मला पाटेच नीट करून दाखवायचे होते. तुम्हाला दाखवायचं होतं. स्वतःवर इतका राग आलाय की आज हातोडा दोनदा अंगठ्यावर घेतला.

आणि तुमच्या आई! आठव्याच्या तोंडावर पोरीला उन्हात फेऱ्या मारायला लावतात. सुटाबाभळ म्हणजे वाडीपासून पाऊण मैल, आक्कानंच मागं कळवलं होतं. जाताना वेगळं, येताना वेगळं. सून आहे की बैल? मुऱ्हाळी नाही म्हणून उंबरा ओलांडू द्यायचा नाही, आणि फेऱ्या मारायला मात्र ओलांडायचा. मी आल्यावर त्यांना तोंडावर बोलणार आहे, तुम्ही आडवे येऊ नका.

जीप झाली आहे. काल चाचांना शेजारी बसवून महालापर्यंत चार वेळा नेली. बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या दोरीनं बांधला होता. उजव्या वळणाला जेवढं सांडलं तेवढंच डाव्याला. खडीवर मुद्दाम घातली. मागच्या बाकावर चाचांची बिस्मिल्ला चाची बसली होती, गुडघेदुखीची. ती म्हणाली, "बेटा, कंबरेला कळलं नाही." चाचा म्हणाले, "ये बराबर है. आता डायव्हर पण असाच बनव, वळणावर कलू नये आणि आतल्याला लागू नये." मला बोलले का तुम्हाला, कळलं नाही.

तुमची वाट बघत नाही. उद्या पहाटे जीप घेऊन मीच निघतो. डॉक्टरीणबाईंना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच आक्काला उचलेन. तुम्हाला राग आला तर

दाजी, मध्येच उठावं लागलं. आता पुन्हा बसलोय.

दुकानापुढं चाचांचा आवाज आला, "अरे गोरक्ष, कुणी बायामाणसं विचारतायत." मला वाटलं टांगा दुरुस्तीचं गिऱ्हाईक. बाहेर आलो तर पाट्यांच्या ढिगाजवळ एक नऊवारीतली म्हातारी, डोक्यावर गाठोडं, पाय घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्योच का तो गोरक्ष? पत्रात लई उंच वाटला हुता."

तिच्यामागं आक्का.

आक्का आत चाचांच्या बाजेवर आडवी आहे. बिस्मिल्ला चाचीनं तिच्या पायांना तेल लावायला घेतलंय. पोटातलं हलतंय, माझा हात धरून तिनं स्वतः ठेवला. मी रडलो, त्याबद्दल तुम्ही काही बोलायचं नाही.

परवाच दोघी तशाच फाट्यापर्यंत चालत जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवून आल्या. त्या म्हणाल्या, चालायला हरकत नाही, डांबरीवर बसून जायलाही हरकत नाही, पण उशीर करू नका. आज झुंजुमुंजू झाल्यावर निघून, त्या फेऱ्यांच्या सरावावर, दोन कोस चालत फाट्यावर आल्या. सहा ठिकाणी बसल्या म्हणे. एसटी गच्च होती. म्हातारी पायरीवर उभी राहून कंडक्टरला म्हणाली, "माझ्या सुनेला बसाया जागा झाल्याबिगर गाडी हलली तर मी चाकाखाली झोपंन." पुढची जागा मिळाली. घाटात डायव्हरला दर वळणाला "बाबा, हळू" असं सांगत आली आणि त्यानं ऐकलं. तुम्हाला किंवा मला कुणी असं कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल.

मी म्हटलं, जीप तयार आहे, देवळालीला मी सोडतो, तांब्यातलं पाणीसुद्धा सांडत नाही. तर म्हणाली, "तुमी दोघं बसा लोखंड कुटत. आमाला राहुरीकडची यष्टी कुठं लागती तेवढं दाव."

आणि मुऱ्हाळ्याचं विचारलं, तर गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "भाऊ येईना, नवरा येईना. मंग घरात कोन उरलं?"

दाजी, १ तारखेला इकडं येऊ नका, सरळ देवळालीला या. तुमच्या आई मालनबाई, ज्या आजवर पाथर्डीच्या पुढं कधी आल्या नाहीत, त्या तुमच्या बायकोच्या मुऱ्हाळी म्हणून नगरात आल्या आहेत.

गोरक्ष